नाल्याच्या भिंतीवरचा खिळा

दमयंती सरनोबतच्या स्वभावात घाई नावाचा पदार्थच नव्हता. सिंगापूरला मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये सोफा घ्यायचा ठरल्यावर ती आणि तिचा नवरा कुशल दीड-दोन वर्षं जमिनीवर गादी टाकून बसले, कारण तिला पसंत पडेल असा सोफा अजून 'यायचा' होता. कुशल तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगायचा, "मी हिला लग्नाचं विचारलं, तर म्हणाली विचार करून सांगते. आणि सांगितलं हो तिनं! पुढच्या दिवाळीला." प्रत्येक कार्यक्रमात लोक हसायचे. दमयंतीही हसायची, पण लोकांचं हसून झाल्यावर जरा वेळाने.

अशा बाईला देवाने धंदाही शोधून शोधून दिला होता. ती जिओटेक्निकल इंजिनिअर होती. मंडळात याचा अर्थ कुणालाच धड ठाऊक नव्हता. विहिरीला पाणी कुठे लागेल ते ही सांगते असं काहींना वाटे, तर काहींच्या मते भूकंपाचं खातं तिच्याकडे होतं. ती एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, घर उभं करायच्या आधी खालच्या मातीला विचारायचं, की बाई, तुला झेपेल का? एवढंच माझं काम." त्यावर एका आजोबांनी विचारलं, "आणि ती हो म्हणते?" दमयंती म्हणाली, "म्हणते. पण तिला वेळ द्यावा लागतो."

या विषयाची गोडी तिला लागली ती कोल्हापूरच्या घरामुळे. वडिलांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर बांधलेलं ते छोटं घर काळ्या मातीवर होतं. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा जायचा. पावसाळ्यात तो मिटायचा, पण मग न्हाणीघराचं दार लागेनासं व्हायचं. वडील दरवर्षी गवंड्याला बोलावून तडा बुजवून घ्यायचे आणि तो गेला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, गवंड्याचा यात काडीचा दोष नाही, हे दमयंतीला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कळलं. तिला आधी त्या गवंड्याची दया आली आणि मग त्या विषयाची ओढ लागली. पुढे पीएचडीसाठी ती सिंगापूरला आली, समुद्राखालच्या चिखलावर प्रबंध लिहिला, काही वर्षं युनिव्हर्सिटीतच पोस्टडॉक केलं आणि शेवटी पाया लेबारच्या एका कन्सल्टंट कंपनीत चिकटली.

सिंगापूरच्या किनाऱ्याला जमिनीखाली जी करडी माती लागते, ती लोण्याइतकी मऊ असते. बोअरिंगमधून नमुना वर आला की दमयंती त्यात अंगठा खुपसून बघायची. तो सुखाने आत जायचा. अशा मातीवर काही बांधायचं तर आधी तिच्यातलं पाणी काढावं लागतं. हे ती श्रीखंडाच्या भाषेत समजावून द्यायची. दही फडक्यात बांधायचं, वर वजन ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाणी निथळून फडक्यात उरतो तो चक्का. साइटवर वजन म्हणजे वाळूचा दोन मजली ढीग, आणि पाण्याला बाहेर यायला वाट मिळावी म्हणून मातीत खोलवर प्लास्टिकच्या लांब पट्ट्या खुपसलेल्या. पाणी निघेल तसतशी जमीन खाली बसते. बसायची थांबली की वाळू उचलायची आणि बांधकाम सुरू करायचं. ती बसायची थांबली की नाही, हे दमयंतीने सांगायचं. तिचं ठरलेलं उत्तर 'अजून नाही' असं असल्यामुळे कंत्राटदारांनी तिचं नाव मॅडम वेट ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी तिच्याकडे पूर्वेकडच्या भराव टाकलेल्या जमिनीचं काम होतं. तिथे वृद्धांसाठी एक डे-केअर सेंटर आणि शेजारी छोटा दवाखाना व्हायचा होता, सगळं बैठं बांधकाम. कंत्राटदाराच्या बाजूने प्रोजेक्ट मॅनेजर होता उन्मेष, पुण्याचा. तो आणि त्याची बायको नीता म्हणजे दमयंती-कुशलला इथलं माहेर आणि सासर दोन्ही. मुलीच्या, जाईच्या, जन्माच्या वेळी कोल्हापूरहून कुणी यायच्या आधी नीताच डिंकाचे लाडू घेऊन हॉस्पिटलात हजर झाली होती. उन्मेष मात्र दमयंतीच्या अगदी उलट्या टोकाचा होता. लिफ्टचं बटण तो चार वेळा दाबायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण त्याला बघूनच कुणीतरी रचली असावी, असं खुद्द नीता म्हणायची.

जमीन किती बसली हे मोजायचं तर कुठलीतरी न बसणारी जागा हाताशी लागते. तिला बेंचमार्क म्हणतात. साइटवर तो होता, मऊ मातीच्या पार खाली, कठीण थरात रोवलेला लोखंडी दांडा. सर्वेअर दर आठवड्याला त्या दांड्यापासून वाळूखाली जमिनीवर ठेवलेल्या पत्र्यांची उंची मोजायचे. एक दिवस एका ट्रकने रिव्हर्स घेताना तो दांडा वाकवून ठेवला. नवा दांडा रोवायचा तर बोअरिंगचं मशीन यायला वेळ लागणार होता. उन्मेषने सुचवलं, की साइटच्या कडेला पावसाळी नाल्याची काँक्रीटची भिंत आहे, तिच्यावर एक खिळा ठोकू आणि तोच बेंचमार्क धरू. दमयंतीने नाल्याचे जुने नकाशे मागवले. भिंत खोल पाइल्सवर, कठीण थरापर्यंत रोवलेल्या खांबांवर, उभी होती, म्हणजे तिच्या खालची माती बसली तरी भिंत जागची हलणार नव्हती. तिने मान्यता दिली. अशी मान्यता कुणीही दिली असती.

त्यानंतर जमीन फारच शहाण्यासारखी वागायला लागली. दर आठवड्याला बसणं कमी होत गेलं आणि शेवटी ग्राफ आडवा झाला. दमयंतीला जरा नवल वाटलं. हा चिखल तिच्या ओळखीचा होता, तो इतक्या लवकर ऐकणाऱ्यांतला नव्हता. पण आकडे समोर होते, नियमात बसत होते आणि उन्मेष डोक्यावर बसला होता.

मंडळाच्या हळदीकुंकवाला तो बटाटावड्याची प्लेट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. "दमयंती, तुझा ग्राफ आता टेबलापेक्षा सपाट आहे. आता तरी सोड गं."

"बघते."

"बघ. माझा इथला नोकरीचा पास रिन्यूअलला आहे. कंपनीकडे दुसरं काम नाही. हे वेळेत झालं तरच मला ठेवतील." हे तो वड्याकडे बघत म्हणाला. उन्मेषला असलं काही बोलायची सवय नव्हती.

दमयंतीने पुन्हा एकदा आकडे तपासले, पुन्हा नियम पाहिला आणि सोमवारी वाळू उचलायला हरकत नाही म्हणून सही केली. ऑफिसात तिचे साहेब, मिस्टर क्वेक, खुर्चीतून उठून उभे राहिले. "मॅडम वेट सेज गो! मस्ट बाय टोटो लाह," म्हणाले. टोटो म्हणजे इथली लॉटरी.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी सकाळी ती नुसतीच साइटवर गेली. काम काही नव्हतं. आपण सोडलेली वाळू जाताना बघायची हौस होती. वाळू भरलेले ट्रक एकामागून एक गेटबाहेर पडत होते, जवळजवळ निम्मा ढीग सपाट झाला होता. तिला बरं वाटलं. परत जाताना उन्हातून चालण्यापेक्षा झाडांची सावली बरी, म्हणून ती नाल्याच्या कडेने निघाली.

भिंतीवरचा लोखंडी कठडा एका जागी वाकलेला दिसला. ट्रक लागला असेल म्हणून ती पुढे गेली आणि मग परत फिरली. वाकलेल्या कठड्याच्या बरोबर खाली भिंतीला सांधा होता. सांध्याच्या अलीकडची भिंत आणि पलीकडची भिंत वरून एका पातळीत असायला हव्या होत्या. पलीकडची दोन बोटं खाली गेली होती. अलीकडच्या भिंतीला काळपट शेवाळ चढलेलं होतं आणि सांध्याजवळ तिची जी कड उघडी पडली होती, ती मात्र धुतल्यासारखी कोरी होती. म्हणजे हे जुनं नव्हतं, आत्ताचं होतं. दमयंतीने त्या कोऱ्या पट्टीवर बोट फिरवलं आणि ती खिळा शोधत पुढे गेली. खिळा पलीकडच्या भिंतीवर होता.

नाला पुढे कधीतरी वाढवला होता. जुनी भिंत पाइल्सवर होती आणि वाढवलेली नुसतीच मातीवर. नकाशा होता जुन्याचा. वाळूचा ढीग शेजारी आला तशी ती वाढीव भिंत जमिनीबरोबर गुपचूप खाली बसत गेली आणि तिच्या डोक्यावरचा खिळाही. ज्याच्यापासून मोजायचं तोच खाली चाललेला. मग जमीन थांबल्यासारखी दिसेल नाहीतर काय! दमयंती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. नकाशावर तारीख होती. ती तिने वाचली होती. नाला नंतर वाढवला का, एवढं एक विचारायचं राहिलं होतं.

तिने सर्वेअरना बोलावलं आणि लांबच्या मुख्य रस्त्यापलीकडच्या पक्क्या सरकारी खुणेपासून खिळ्याची उंची मोजून घेतली. दुपारपर्यंत आकडा हातात आला. सांध्यापेक्षा ढिगाच्या जास्त जवळ असलेला खिळा तर चार बोटं खाली गेला होता. तिने तो फरक सगळ्या आकड्यांत घातला. ग्राफ आडवा नव्हताच, अजून उतरत होता.

संध्याकाळी तिने कुशलला सांगितलं. जाई टेबलावर गृहपाठ करत होती आणि हेडफोन लावून ऐकत नसल्याचा आव आणत होती. कुशल आयटीतला. त्याने नेमका प्रश्न विचारला, "हे असंच सोडलं तर काय होईल? पडेल बिडेल?"

"पडणार नाही. चार-पाच वर्षांनी फरशी फुटेल, दारं लागणार नाहीत. गटाराचा उतार उलटा होईल. म्हातारी माणसं व्हीलचेअर घेऊन जाणार, त्या रॅम्पला पायरी पडेल."

"आणि तेव्हा कुणाला कळेल का, कशामुळे?"

"नाही. जमीन आहे, बसली, म्हणतील."

कुशलने जाईच्या हेडफोनकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी म्हणणार नाही. पण दमू, तुझी एक सही चुकीची ठरेल. उन्मेषचं घर उठेल इथनं. त्याचा मुलगा पुढच्या वर्षी मोठ्या परीक्षेला बसतोय."

"माहितेय मला!" दमयंती ओरडली. ती सहसा ओरडत नसे. जाईने हेडफोन काढले आणि म्हणाली, "आई, व्हाय यू स्कोल्ड बाबा? ही नेव्हर डू एनीथिंग." मग तिघंही जेवायला बसली आणि आमटी अळणी झाल्याचं कुणी बोललं नाही.

दमयंतीला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला होता, आणि तो चुकीबद्दल नव्हता. चूक कुणाचीही होते. आयुष्यभर जिने सगळ्यांना थांबवलं, तिला एकदाच आपल्या माणसासाठी 'हो' म्हणावंसं वाटलं, आणि म्हणून मनात आलेली शंका तिने उचलून बाजूला ठेवली. एरवी तिने त्या शंकेला खुर्ची देऊन बसवलं असतं.

रविवारी सकाळी ती एकटीच पुंगोलला उन्मेषकडे गेली. एमआरटीच्या मेट्रोतून उतरून एलआरटी या वस्तीत फिरणाऱ्या गाडीच्या छोट्या डब्यात बसली. डबा बाबागाड्यांनी भरलेला होता. उन्मेषचा फ्लॅट स्टेशनसमोरच होता. नीताने दार उघडलं, "अय्या, एकटीच? ये ये, पोहे टाकतेच आहे," म्हणाली आणि आत गेली. दमयंतीने बसायच्या आधीच उन्मेषला सगळं सांगितलं. बसल्यावर सांगणं तिला जमलं नसतं.

तिचं झाल्यावर उन्मेष म्हणाला, "निम्मी वाळू गेली, दमयंती."

"हो."

"ती परत आणायची? क्लायंटला काय सांगू? आठ महिने ढीग करून ठेवला, आता उचलला, आता परत टाकतो?"

"हो. आणि आणखी थांबायचं."

"किती?"

"ते नव्या मोजमापानंतर."

"मला कशाला सांगायला आलीस मग?" त्याचा आवाज चढला. "मेल करायची ना सगळ्यांना. तुझी सुटका, माझी वाट!"

"मेल उद्या सकाळी मीटिंगच्या आधी करणार आहे. त्यात मान्यता माझी होती असंच लिहिणार आहे. पण तुला ते मेलमधून कळावं, असं मला नको होतं."

स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज थांबला होता. नीता हातात झारा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. उन्मेष उठला, चप्पल घातली आणि खाली निघून गेला. नीताने दमयंतीपुढे पोह्यांची बशी ठेवली. "खा," म्हणाली, पण नेहमीसारखी शेजारी बसली नाही. दमयंतीने चार घास कसेबसे गिळले आणि निघाली. परतीच्या गाडीत तिला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. ही माणसं आपण घालवली.

सोमवारची मीटिंग साइटवरच्या कंटेनर ऑफिसात होती. एका बाजूला क्लायंटच्या दोन अधिकारी बाई, दुसऱ्या बाजूला क्वेकसाहेब आणि दमयंती. उन्मेष समोरच्या टोकाला, लॅपटॉप बंद ठेवून बसला होता. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. खिडकीबाहेर ट्रक भरत होते. लेखी आदेश निघेपर्यंत काम थांबणार नव्हतं, आणि आदेश या मीटिंगनंतर निघायचा होता.

दमयंतीने जुना ग्राफ दाखवला, मग नवा. भिंतीच्या सांध्याचा फोटो दाखवला. खिळ्याला मान्यता आपण दिली, वाळू उचलायला मंजुरीही आपणच दिली आणि दोन्ही चुकलं, हे तिने एकेका साध्या वाक्यात सांगितलं.

क्वेकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मेल त्यांनी सकाळीच वाचली होती. थोरल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "आधी मंजुरी दिली, आता म्हणता चूक. मग या वेळचं तरी बरोबर कशावरून?" प्रश्न रास्त होता. दमयंती उत्तराची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात उन्मेषची खुर्ची मागे सरकली. तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. कंटेनरचं दार त्याच्यामागे आपटलं.

गेला, दमयंतीच्या मनात आलं. त्याचंही काही चुकत नाही.

धाकट्या अधिकारी बाई खिडकीकडे बघत होत्या. बाहेर उन्मेष चिखलात उभा राहून फोनवर बोलत होता आणि दुसऱ्या हाताने गेटवरच्या माणसाला खुणा करत होता. एक्सकॅव्हेटरचा दांडा हवेतच थांबला. गेटापाशी पोचलेला भरलेला ट्रक थांबला, मागचाही थांबला. मग पहिला हळूहळू मागे वळला, ढिगापर्यंत आला आणि त्याने आपली वाळू जिथून उचलली होती तिथेच पुन्हा ओतली. सगळे तेच बघत होते.

उन्मेष आत आला. बुटांचा चिखल त्याने दारात झटकला. "ट्रक मी थांबवलेत," तो अधिकारी बाईंना इंग्रजीत म्हणाला. "लेखी आदेश मागाहून द्या. खिळ्याची कल्पना माझी होती, आणि वाळू उचलायची घाईही माझीच. हिला थांबायचंच होतं." मग तो आपल्या टोकाच्या खुर्चीकडे गेला नाही. दमयंतीच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसला. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता, आणि त्याच्या पासचं काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं.

"हं," तो मराठीत म्हणाला, "आता सांग. किती थांबायचं?"

दमयंतीला रडू फुटलं. टेबलाभोवती साहेब बसलेत, क्लायंट बसलेत, याची तिला लाज वाटली नाही. "माहीत नाही रे," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही अजून."

उन्मेषने मान हलवली आणि बाईंकडे वळून म्हणाला, "शी डझन्ट नो येट. सो वी वेट."